हजेरीबाबूंनी लिहिलेला शेवट

चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीवर आणि आजूबाजूला आमच्या हजेरीबाबूंइतका विचारी माणूस झाला नाही, आणि विचारापायी इतका खोळंबा करणाराही दुसरा कोणी झाला नाही. फाटकाशी बसून कामगारांची हजेरी मांडणं हे त्यांचं काम. उशिरा आलेल्याच्या नावापुढे खूण करून मोकळं व्हावं, तर हे त्याला थांबवून विचारत, "उशीर झाला हे दिसलं. पण काहून झाला?" कारणाची शहानिशा होईस्तोवर मागची सगळी रांग वेळेवर येऊनही उशिरा ठरे. तरुणपणी ते तुमसरला मुलगी पाहायला गेले होते म्हणे. तिथं मुलीच्या वडिलांशी, माणसानं मुळात लग्न करावंच का, यावर अशी चर्चा रंगली की संध्याकाळपर्यंत 'करू नये' यावर दोघांचंही एकमत झालं. बाबू चहा पिऊन परतले आणि पुन्हा कुठंही मुलगी पाहायला गेले नाहीत.

आमच्या घरी त्यांचं येणं सुरू झालं ते एका बंद पडलेल्या साप्ताहिकामुळे. सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझी थोरली बहीण सासर सोडून आमच्या क्वार्टरात परत आली होती. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्या साप्ताहिकात क्रमशः येणारी एक कादंबरी मात्र ती जीव लावून वाचायची. कादंबरीतली नायिका नवऱ्याचं घर सोडून स्टेशनवर येऊन बसली, आणि साप्ताहिकच बंद पडलं. ताईनं चार दिवस नीट जेवण केलं नाही. शेजारच्या क्वार्टरातले बाबूही तीच कादंबरी वाचत. ते म्हणाले, "यात अडलं काय? पुढचं मी लिहितो."

लिहिलं, पण त्यांच्या पद्धतीनं. माणसं नीट विचार करत नाहीत म्हणून दुःखी होतात, असं त्यांचं ठाम मत. म्हणून त्यांनी नवऱ्यालाही त्याच फलाटावर आणून बसवलं आणि लग्न म्हणजे वचन की सवय, यावर दोघांना साठ पानं बोलायला लावलं. तेवढ्यात तीन गाड्या येऊन गेल्या. रोज संध्याकाळी ते ओसरीवर वाचून दाखवत आणि डॉक्टरनं जीभ तपासावी तसे ताईच्या तोंडाकडे पाहत.

"रडू आलं?"

"नाही, बाबूजी. सगळं पटते. पण मले काही होऊन नाही राहिलं."

की दुसऱ्या दिवशी मुद्दा आणखी पक्का करून हजर!

एकदा ताईच म्हणाली, "तिले तिच्या मायकडे नेऊन सोडा ना, बाबूजी. माय काही विचारत नाही. तांदूळ धुऊन राहिली असते, त्यात एक मूठ वाढवते. बस."

 बाबू गंभीरपणे म्हणाले, "पण यातून सिद्ध काय होते?"

ताई हसत सुटली. घरी परतल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. बाबू "पाहतो" म्हणत वही मिटून निघून गेले.

इकडे वसाहतीत कुजबूज सुरू झाली होती. सासर सोडून आलेली बाई, बिनलग्नाचा बाबू आणि रोजची संध्याकाळ! मी तेव्हा वीस वर्षांची, लोकांच्या तोंडाला फार भिणारी. दोन दिवसांनी ते नवी वही घेऊन येताना दिसले, तशी मी त्यांना नळाजवळच गाठलं. "बाबूजी, तुमच्या येण्यानं ताईचं नाव खराब होऊन राहिलं. आता येऊ नका."

त्यांनी विचार केला. "मुद्दा बरोबर आहे तुझा," म्हणाले आणि तिथूनच माघारी वळले. ताईला मी यातलं काही सांगितलं नाही. ती आठवडाभर संध्याकाळी ओसरी झाडून बसायची. मग बसेनाशी झाली.

पुढे ताई तुमसरला बालवाडीत नोकरीला लागली, बाबू निवृत्त होऊन गावी गेले. आठ-नऊ वर्षांनी ते मला वरठीच्या स्टेशनवर भेटले. मी कादंबरीचं विचारलं.

"शेवट लिहिला होता. ताईनं सांगितला तसाच. लिहिताना मलेच रडू आलं. मग फाडून टाकला."

"कायले फाडला?"

"त्यात एकही विचार नव्हता न. ताईले दाखवला असता. दुसऱ्या कोणाले काय दाखवू?"

त्याच संध्याकाळी तुमसरला जाऊन मी ताईला सगळं सांगून टाकलं. ती चिडेल, ओरडेल, म्हणून मी मनाची तयारी करून गेले होते. 

"मले इतके वर्षं वाटे," ती म्हणाली, "मीच मठ्ठ निघाली म्हणून त्यायनं येणं सोडलं."