पाण्याचा वरचा थर

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ती एका शिंपीणबाईंच्या परसातल्या विहिरीवर ओणवी होऊन पाण्यातले क्षार मोजणाऱ्या मीटरची केबल आत सोडत होती. केबलचं रीळ धाकट्या भावाच्या हातात होतं आणि त्याचं तोंड उतरलं होतं. समुद्र हाकेच्या अंतरावर.

मीटर पाण्याला टेकला. आकडा सहाशे.

"बघ, निळा," भाऊ म्हणाला. भूजलाच्या नकाशात गोडं पाणी निळं, खारं लाल.

"सोड अजून."

"ताई, गोडंच आहे की!"

"सोड म्हटलं ना."

पाच मीटरवर सातशे. आठवर दोन हजार. दहावर आकडा नऊ हजारांपलीकडे गेला आणि तिथेच बसला.

"काय निघालं?" शिंपीणबाईंनी शिलाई मशीनवरून विचारलं.

"तळाशी खारं आहे, मावशी."

"आमच्या घागरीत तर गोडं येतं. बरं तुम्ही शोधून शोधून मीठ काढता!"

भूजल खात्याच्या ऑफिसातही तिच्या माघारी तिला 'खारटबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे.

गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. हे भूशास्त्र शिकलेल्या कोणालाही माहीत असतं. ती शिकली होती, भाऊही. तरीही भाऊ ज्या कंत्राटी एजन्सीत मोजणीचं काम बघायचा, तिच्या माणसांनी किनाऱ्यावरच्या विहिरींत मीटर जेमतेम बुडवला, वरचा आकडा टिपला आणि पुढची विहीर गाठली.

"ओली केबल पुसत गुंडाळायची म्हणजे जीव जातो गं," भाऊ म्हणाला. "चिखल लागतो, रीळ अडकतं. पोरं वैतागतात."

"म्हणून अख्खा किनारा निळा?"

तो केबल पुसत राहिला. आज पुसत होता.

या निळ्याच्या भरवशावर शाळेमागे नव्या योजनेच्या कूपनलिका खोदायच्या होत्या. त्यांचे पंप खोल बसणार. गोडं उपसलं की खालचं खारं वर चढतं, आणि एकदा चढलं की वर्षानुवर्षं हटत नाही. योजनेचं पाणी जाणार पलीकडच्या नव्या वसाहतीला. शिंपीणबाईंच्या गल्लीत नळ नाही. विहिरी नासल्या की संपलं.

ऑफिसात नकाशा साहेबांच्या भिंतीवर लागलासुद्धा होता, काचेखाली. तपासणी अधिकारी म्हणून तिची सही तेवढी राहिली होती.

"वरचं पाणी गोडं आहे ना, मॅडम? मग नकाशा खोटा कसा?"

"पंप वर बसवणार आहात का?"

साहेब चष्मा पुसू लागले. "खोदाईचं मशीन येऊन उभं आहे."

"ते नकाशाला विचारून आणलं होतं का?"

"तुमचं नेहमीचंच. अहो, यात भाऊच अडकेल तुमचा, कळतंय का?"

तिला सकाळपासून कळत होतं. साहेबांनी ते धमकीसारखं वापरावं, याने मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"अडकू दे. त्याच्या माणसांना ओली केबल जड झाली. त्या गल्लीतल्या बायकांनी उद्या मैलभरावरून घागरी आणल्या, तर त्या कोणाला जड होणार आहेत? तुम्हाला?"

साहेबांनी चष्मा घातला. "शाळेभोवतीच्या विहिरी तळापर्यंत मोजून आणा. उद्या दुपारपर्यंत मशीन थांबवतो. त्यापुढे नाही."

"आणि सगळ्या तळाशी खाऱ्या निघाल्या तर?"

"तर बघू."

'बघू' म्हणजे काय, हे तिला इतक्या वर्षांच्या नोकरीत पुरतं समजलं होतं. तिने काचेखालचा नकाशा काढून गुंडाळला आणि काखेत मारला. साहेब "अहो, अहो" करत राहिले.

भाऊ बाहेर जीपला टेकून उभा होता. तिने सगळं सांगितलं.

"माझी नोकरी गेली तर?"

"मग केबल पुसायला वेळच वेळ."

त्याला हसू आलं नाही. त्याने जीपमधलं केबलचं रीळ पुढे ओढून विचारलं, "किती वाजता?"

पहिली विहीर शाळेच्या आवारातली, मशीनला लागून. उद्या ओहोटी पावणेसातला आहे; तेव्हा मोजलं की आकडा भरतीने चढला, असं साहेबांना म्हणता येणार नाही. शाळेचं फाटक साडेसहाला उघडतं.