भरलेली कांडी

काल दातांच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेऊन बसले होते. अर्धा जबडा बधिर झालेला. समोरच्या टीव्हीवर आवाज बंद करून बायकांची टेनिसची डबल्स मॅच लावली होती.

आमच्या भिवंडीच्या घरात टेनिस असंच दिसायचं. शेजारचे कापडाचे लूम चालू असले की टीव्ही ऐकूच येत नसे, आणि लूम थांबले म्हणजे लाइट गेलेली.

अशाच एका दुपारी मी आणि ताई लुमासाठी सुताच्या कांड्या भरत डबल्सची फायनल बघत होतो.

"पॉइंट गेला तरी एकमेकींच्या हातावर हात कशाला मारतात गं?" ताईने माझ्या कानाशी येऊन विचारलं.

तेवढ्यात बाबा आले आणि लुमांच्या वर आवाज चढवून तिला म्हणाले, "उद्यापासून शाळा बंद तुझी. पोराकडचे हो बोलले."

ताई टीव्हीकडेच बघत राहिली. मग तिने तळहात माझ्यापुढे धरला. मला वाटलं, कांडी मागतेय. मी भरलेली कांडी त्यावर ठेवली. तिने ती टोपलीत टाकली आणि दुसरी भरायला घेतली.

काल टीव्हीवरच्या त्या दोघींचा पॉइंट गेला. दोघींनी हातावर हात मारला.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी मानेनेच नाही म्हटलं.