रत्नाताईंनी नोंदवून घेतलेला अर्ज

रत्नाताई गेल्याचं मला शाळेच्या ऑफिसातल्या फोनवर कळलं. सातवीचा तास अर्धा टाकून गेले, तर पलीकडं त्यांची मुलगी. "आई गेली, मावशी. सकाळी चहा केला, बसली… आणि गेली." मी वर्गात परतले, फळ्यावरचं गणित पूर्ण केलं आणि मगच खुर्चीत बसले. त्याला आता महिना उलटून गेला. मी शिक्षिका झाले ती त्यांच्यामुळं, एवढं एक वाक्य लिहायला इतके दिवस लागले.

रत्नाताई पेठच्या. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळायच्या. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, क्रमांक आणि वहीत नोंद, हे त्यांचं काम. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी तळेघरहून तिथं शिकायला आले आणि मुलींच्या वसतिगृहात राहिले. आमच्या वाडीतून कॉलेजला गेलेली मी पहिलीच मुलगी. वसतिगृहात शेवटच्या वर्षाच्या मुलींचा एक गट होता. त्यांची पुढारी सुरेखा, लोणीच्या बागायतदाराची मुलगी. पहिले चार दिवस नुसतं नाव-गाव विचारणं झालं, मग त्यांचे कपडे धुणं आलं. मग दुपारी मला कॉटवर उभं करून आमच्या बोलीत भाषण करायला लावायच्या आणि हसायच्या. एका रविवारी माझ्या डब्यातली नाचणीची भाकरी त्यांनी माझ्या वेणीला बांधली आणि मला तशीच मेसपर्यंत चालत नेली. सगळ्या बघत होत्या. खोलीवर येऊन मी ट्रंक भरली.

दुसऱ्या दिवशी दाखला मागायला ऑफिसात गेले. अर्जात कारण लिहिलं होतं, घरगुती अडचण. रत्नाताईंनी तो वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"घरी कोन आजारी हाय का?"

"नाही."

"लगीन ठरलंय?"

"नाही."

"मग अडचण कुठल्या घरातली, बाय?"

मला रडूच फुटलं. त्यांनी मला काउंटरच्या आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग कोरा कागद पुढं केला. "दाखला तुला पायजे तवा दीन. आधी खरा अर्ज लिही." मी लिहिलं, सीनियर मुली मला खूप त्रास देतात. तो कागद परत आला. "तरास म्हंजी काय? कुनी, कुठं, किती वाजता, काय केलं… तेवढंच लिही." चौथ्या खेपेला एक पान तयार झालं. त्यावर शिक्का मारून त्या म्हणाल्या, "आता ह्यो कागद कॉलेजचा झाला. तुला एकटीला वागवायचा न्हाई."

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं, तेव्हा त्या न बोलावता सोबत आल्या. सुरेखाचे मामा संस्थेच्या कमिटीवर होते. ही मुलींची थट्टामस्करी, अर्ज मागं घे, असं सर गोड आवाजात समजावू लागले. मी मान डोलावणारच होते, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "सर, अर्जाची आवक झालीये. उत्तर द्यावंच लागंल. रॅगिंगचा कायदा आलाय, परिपत्रक तुमच्याच फायलीत हाय. काढू का?" सरांनी अर्ज ठेवून घेतला. चौकशी बसली, सुरेखाला वर्षभरासाठी वसतिगृहातून काढलं आणि ती लोणीहून एसटीनं ये-जा करू लागली. ताईंची बदली मागच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. माझ्यापायी झालं म्हणून मी माफी मागायला गेले, तर हसल्या. "येडी हायेस का? हितं तर खिडकी हाय."

पुढच्या जूनला त्यांनी फाटकाशी टेबल मांडलं. नव्या मुलीच्या हातात एक कागद, त्रास झाला तर कुणाकडं यायचं त्याचा; जुन्या मुलींची सही दुसऱ्या कागदावर, कुणाला त्रास देणार नाही म्हणून. वाचता न येणाऱ्या आईबापांना मी तो वाचून दाखवायचे. मी तिथं होते तोवर एकाही मुलीनं त्या कारणानं कॉलेज सोडलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. एवढं कुठून आलं तुमच्यात, असं मी एकदा विचारलं होतं. ताई फायली बांधत म्हणाल्या, "माझ्या येळंला कुनी लिवून घेतलं न्हाई गं."

ताईंच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, पेठला गेले, तर चटईवर सुरेखा बसलेली. दहा वर्षांनी दिसत होती. तिनं सरकून मला जागा दिली.  मग ती हळूच म्हणाली, "तू अर्ज दिलास त्या दिवशी मी ताईंशी भांडायला गेलते. त्यांनी मला बी कागद दिला. म्हणाल्या, तुझं म्हननं बी लिही, पन खरं लिही. मी सगळं नाकारलं. त्यांनी कागद परत दिला… तिसऱ्यांदा मी लिवलं, जसं झालं तसं. मामांना न सांगता."

हे मला ताईंनी कधीच सांगितलं नव्हतं. तिनं काय लिहिलं ते मला सांगायचं की नाही, हे त्यांनी तिच्यावरच सोडलं होतं.

जेवणं सुरू झाली. पुढच्या खोलीत ताईंच्या लिहायच्या टेबलापाशी जागा रिकामी होती. सुरेखानं तिथं दोन ताटं शेजारी-शेजारी मांडली आणि माझी वाट बघत बसली. मी गेले.