मरोळचं हळदीकुंकू आणि शेजारचं दार

पिंप भरत आलं होतं. एका शेगडीवर भाजी, दुसरीवर चहा, आणि मी पोळ्या लाटत होते. हे मोरीत तोंड धुताना खोकत होते. मी म्हटलं, "जाताना अडुळसा घ्या." हे म्हणाले, "कारखान्यातली धूळ आहे गं." डबा उचलला आणि गेले. मुलुंडच्या आमच्या घरातली ती साधी सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. रस्त्यात टीबीचं एक पोस्टर होतं, हाडांचा सापळा झालेल्या माणसाचं. दोघांनीही ते कितीदा वाचलं असेल. हे अंगाने भरलेले, त्यामुळे ते आपल्यासाठी लावलंय असं कधी वाटलंच नाही. तपासणी झाली तोवर उशीर झाला होता.

हे गेल्यावर मी वाचनालयातून आरोग्यावरची पुस्तकं आणू लागले. लोकांना चांगल्या सवयी लागाव्यात म्हणून जगभर काय काय करतात ते त्यात होतं. कुठे रेडिओवर मालिका, कुठे केस कापता कापता न्हावीच गिऱ्हाइकाला तपासणीचं सांगतो. त्यामुळे संक्रांतीनंतर नणंदेचा, सुलूचा, फोन आला तेव्हा जायचं ठरवलं. सुलू मरोळच्या चाळींमध्ये आरोग्य सेविका आहे.

"वहिनी, यंदा हळदीकुंकवातच टीबीचं सांगतोय. पत्रकं कोण वाचतंय? बायका जमतात तिथेच गाठायचं. ये ना बघायला."

"हळदीकुंकवाला? मी?"

"तू माझी पाहुणी गं. बघू कोण काय बोलतं."

तुम्हाला असा कार्यक्रम बघायला मुलुंडहून मरोळला जायचं असेल तर सोपं आहे. मी दुपारी बसने घाटकोपरला गेले आणि तिथून मेट्रो धरली. तिकीट फार नाही. खिडकीतून असल्फाच्या टेकडीवरची रंगीत घरं दिसतात, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना बघत राहावं. मरोळ नाक्याला उतरून वडापाव खाल्ला, कारण हळदीकुंकवात फक्त तिळगूळ आणि मसाला दूध मिळतं. पुढे चाळ चालत गाठता येते. वाटेत खोदकाम आहे, चपला धड घाला.

चाळीच्या गॅलरीत सतरंज्या घातल्या होत्या. वाण म्हणून सुती रुमाल होते, खोकताना तोंडावर धरायला. सुलूने बायकांकडून उखाणे पाठ करून घेतले होते. एकीने लाजत म्हटलं:

"तिळगुळाच्या वाटीत वेलचीचा वास,
दोन आठवडे खोकला तर थुंकीचा तपास,
प्रकाशरावांचं नाव घेते, बसा माझ्या पास."

"प्रकाशरावांची थुंकी तपासलीस का आधी?" मागून कुणीतरी विचारलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. पोस्टरला जे जमलं नव्हतं ते इथे जमत होतं, हे दिसत होतं.

हसणं थांबलं तेव्हा खोकला ऐकू आला. कोरडा, लांबलेला. अर्धवट लोटलेल्या शेजारच्या दारातून येत होता. मी तो ओळखला.

"कोण आहे तिथे?" मी सुलूला विचारलं.

"शेवंतामावशी. मुलगा-सून कामाला जातात, ती नातवाला सांभाळते."

"मग बोलावलं नाही?"

माझ्या बाजूला बसलेली बाई म्हणाली, "असं काय वहिनी? तिचे मालक जाऊन किती वर्षं झाली. ती कशी येईल हळदीकुंकवाला?" बोलून झाल्यावर तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि जीभ चावली.

सुलूच्या हातातलं तबक तसंच राहिलं. "वाट लागली गं," ती हळू म्हणाली. "सगळं केलं, आणि चाळीतल्या सगळ्या विधवा बाहेर ठेवल्या."

मी एक रुमाल आणि तिळगूळ घेऊन त्या दारात गेले. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, नातू मांडीवर झोपलेला. मी कोण ते, आणि ह्यांना टीबी झाला होता तेही सांगितलं. त्यांनी बाजूच्या किटलीतून चहा दिला. त्यांचा स्वतःचा, कान तुटलेला कप खिडकीत वेगळा होता.

"तो कप वेगळा का?"

"माका समाजता गो," त्या म्हणाल्या. "पण डॉक्टरान नाव घेतल्यान की ह्यो पोर मांडयेवरसून जाताला."

"टीबी कपाने होत नाही मावशी. खोकल्याने, हवेतून होतो." मी माझा चहा त्यांच्या कपात ओतून प्यायले आणि खिडकी सताड उघडली. "औषध सुरू झालं की काही आठवड्यांत पसरायचा थांबतो, असं डॉक्टर सांगतात. न तपासता राहिलात तर मात्र पोराला धोका आहे."

"तुझे घोव बरे झाले?"

मी मग खरं तेच सांगितलं. "नाही. उशीर झाला होता."

"मगे माका उशीर झालो नाय कशावरसून?"

"ते मला नाही माहीत. तपासल्यावरच कळेल."

त्या नातवाच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. रुमाल मात्र त्यांनी घडी मोडून तोंडावर धरला. मी बाहेर आले तेव्हा सुलू उंबऱ्यापाशी उभी होती. तिच्या मागे प्रकाशरावांची बायको मसाला दुधाचा पेला घेऊन आली होती. "मावशी, आत येऊ का?" तिने विचारलं.

संध्याकाळी त्याच वाटेने घरी परतले. उखाणे छान होते, ते मी विसरणार नाही. तुमच्याकडे असं काही करणार असाल तर जरूर करा. पण सतरंजी घालण्याआधी, त्यावर कोण बसू शकत नाही ते बघा. पुस्तकांत मला हे कुठे सापडलं नव्हतं, आणि स्वतः विधवा असून दारातून खोकला येईपर्यंत मलाही सुचलं नव्हतं.

जेवण झाल्यावर सुलूचा फोन आला. "वहिनी, मावशी म्हणते, मुलुंडची येत असली तर जाते. तू येशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंप भरलं, पोळ्या केल्या, डबा बांधला, आणि मरोळच्या दवाखान्यातल्या बाकावर शेवंतामावशींच्या शेजारी जाऊन बसले.