मागच्या खोलीतली कांछी

नळाला पाणी आलं की कांछी टाळ्या वाजवायची. आमच्या गेवराईत पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. नळ फुसफुसायला लागला की गल्लीतल्या बायका हंडे आपटत, नगरपालिकेचा उद्धार करत धावतात. आमच्या मागच्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीत उभी असलेली ही बाई मात्र लेकीचे इवलेसे हात धरून टाळ्या वाजवायची. "कावून हसतीस गं?" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदा चिडून म्हणाल्या. तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की तिच्या गावी पाण्याला डोंगर उतरून जावं लागतं आणि भरलेलं भांडं पाठीवर घेऊन तोच डोंगर पुन्हा चढावा लागतो. इथं पाणी आपल्या पायांनी घरात येतं. मग टाळ्या नको?

कांछी म्हणजे नेपाळीत धाकटी. नवरा तिला तशी हाक मारायचा, म्हणून आम्हीही. आत्याबाईंनी तिची 'कांचन' करून टाकली. नवरा हायवेवरच्या एका ढाब्यावर स्वयंपाकी होता. नेपाळी माणूस दिसला की आपल्याकडे त्याला 'बहादूर' म्हणायची रीतच आहे, तशी सगळी गल्ली त्यालाही म्हणायची. नवऱ्याला ते चालायचं, कांछीला नाही. "बहादूर न्हाई, टेकराज हाय. त्यांच्या आईनं ठिवलंय," असं ती प्रत्येकाला ऐकवायची. थोड्याच दिवसांत ती असं मराठी बोलायला लागली होती, तेही थेट आत्याबाईंचं. मी शिकलेली सून म्हणून तिला 'आहे' आणि 'नाही' शिकवायला गेले, पण तिनं 'हाय' आणि 'न्हाई'च उचललं. दिवसभर आत्याबाई अंगणात बसून बोलायच्या आणि ती खिडकीतून ऐकायची.

ती खिडकी आमच्या अंगणात उघडायची, दार मागच्या बोळात. पाण्याच्या दिवशी नळी मीच गजांतून आत सोडायची. ही बाई बाहेर का येत नाही, हे विचारायचं मला महिनाभर सुचलं नाही. लाजाळू असेल, असं वाटलं. खरं सांगायचं तर मला ते वेगळं वाटलंच नाही. लग्नाला आठ वर्षं झाली होती, माझं डी.एड.चं प्रमाणपत्र कपाटात होतं, आणि मीही एकटी उंबऱ्याबाहेर जात नव्हते. देवळात जायचं तर आत्याबाईंबरोबर, माहेरी आष्टीला जायचं तर यांच्या मोटरसायकलवर.

एकदा बोळात वाळवण उडालं म्हणून मी मागं गेले आणि तिच्या दाराला बाहेरून कुलूप दिसलं. मी पुढं येऊन खिडकीत विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "ते भितात. आधीच्या गावात दोन दारुडे घरात घुसले व्हते. म्हणून." मी आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नवराबायकोत आपण पडू न्हाई." मीही पडले नाही. ही गोष्ट मला आजही टोचते.

कांछीनं त्या खिडकीतून आमचं रोजचं जगणं असं पाहिलं, जसं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. आत्याबाई भाकरी थापायला बसल्या की ती गजांना गाल लावून उभी राहायची. भाकरी तव्यावर फुगली की "आली, आली!" म्हणायची. म्हशीवाला, भंगारवाला, समोरच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या बहिणी, सगळ्यांच्या वेळा तिला पाठ होत्या. रोज सकाळी ती मला विचारायची, "ताई, आज काय नवं?" मी म्हणायची, काही नाही. मग तीच सांगायची, की समोरच्या लिंबाला पालवी आलीय, आणि पापडवाल्या धाकटीनं आज केस कापलेत. मला हसू यायचं आणि रागही यायचा. कोंडलेल्या माणसानं इतकं खूश का असावं? एके दुपारी मात्र ती पाठमोरी बसलेली दिसली. हाक मारली तर वळली नाही. भिंतीकडे बघून म्हणाली, "ताई, आज मला काय बी दिसत न्हाई."

मग मे महिना आला. पत्र्याची खोली, दुपारची लाईट गेलेली. मी भांडी आवरत होते आणि खिडकीतून तिची किंकाळी ऐकू आली. चार वर्षांची सरू तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती, अंग भट्टीसारखं तापलेलं. टेकराजचा फोन वाजून वाजून बंद झाला. घरातले पुरुष शेतावर होते. मी नुसती दाराशी जाऊन कुलूप ओढत राहिले. तेवढ्यात आत्याबाई आल्या. हातात लोखंडी बत्ता. मला बाजूला ढकलून त्यांनी कोयंड्यावर असे घाव घातले, की चौकटीचा ढलपा निघाला. दार उघडलं तेव्हा आतली हवा अंगावर आली. इतक्या गरम हवेत त्या दोघी महिनोन् महिने राहत होत्या.

"जा गं हिला घिऊन दवाखान्यात," आत्याबाई मला म्हणाल्या. मी अनवाणीच पळाले. रिक्षात कांछीनं माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडी फुटली. ऊन लागलं होतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, आणि संध्याकाळी सरूनं डोळे उघडून पाणी मागितलं.

टेकराज धावत आला तो थेट दवाखान्यात. तिथून सगळे घरी आलो. तुटलेला कोयंडा पाहून तो उंबऱ्यावरच बसला. कांछी त्याच्याशी नेहमी नेपाळीत बोलायची. त्या दिवशी ती मराठीत बोलली, आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून. "म्या आई सोडली, गाव सोडलं, तुमच्या मागं दुसऱ्या देशात आले. कोंडून घ्यायला न्हाई आले." तो तोंड झाकून रडला. "डर लगता है, ताई," एवढंच मला म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. दुसऱ्या दिवशी त्यानं सुतार आणला आणि दाराला आतून कडी बसवून घेतली.

पुढचे महिने कांछी गावभर हिंडली. भाजीबाजार, दर्गा, एस.टी. स्टँड. स्टँडवर ती कुठं जायचं नसताना बसायची आणि गाड्यांच्या पाट्या सरूला वाचून दाखवायची. परत आली की म्हणायची, "ताई, तुमचा देश लई सरळ हाय. कितीबी चाला, चढ न्हाई." दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रॅक्टर हायवेवरून जायला लागले. भांडी, शेळ्या, लेकरं, सगळा संसार वर. त्या दिवशी ती अंगणात येऊन बसली. म्हणाली, "आमी बी अशेच आलो."

सरूला पुढच्या जूनमध्ये शाळेत घालायचं तेव्हा अर्ज भरायला बरोबर शिकलेलं कुणीतरी हवं होतं. कांछीनं आत्याबाईंना सरळ विचारलं, "ताईला पाठवा." आत्याबाई म्हणाल्या, "ती न्हाई जात कुठं." कांछी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "कावून? तिच्या दाराला तर कुलूप बी न्हाई."

मी पिठाच्या परातीकडे बघत होते. आत्याबाई उठून आत गेल्या. जेवण झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या जाऊन ये."

तेव्हापासून सरूला शाळेत पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण कांछी सकाळी ढाब्यावर भाज्या निवडायला जाऊ लागली होती. सरू चिखलात मुद्दाम पाय घालायची, मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायची. शाळेच्या मोठ्या बाईंनी एकदा माझं शिक्षण विचारलं. "बालवर्गाला बाई हवीय, या ना," म्हणाल्या. मी घरी सांगितलंच नाही. सांगून नकार ऐकण्यापेक्षा न सांगणं सोपं होतं.

ढाबा रस्त्याच्या कामात गेला आणि टेकराजला दूर गोव्यात काम मिळालं. निघताना कांछी आत्याबाईंच्या गळ्यात पडून रडली. आत्याबाईंनी तिच्या पिशवीत ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी कोंबली. "तिकडं भात खातेत म्हणं. तू भाकरी इसरू नको." माझ्यापाशी येऊन कांछी हळूच म्हणाली, "ताई, बाईंनी काय विचारलं ते सरूनं मला सांगितलंय." आणि रिक्षात बसली.

दुसऱ्या दिवशी सरूच्या शाळेची वेळ झाली आणि माझे पाय आपोआप चपलेत गेले. पोचवायला कुणी नव्हतं. आत्याबाई दाराशी बाजेवर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"कुठं?"

"शाळेत."

"पोरगी तर गेली."

"मी जाते," मी म्हणाले. "बालवर्गाला बाई हवीय."

त्यांनी सुपातला एक खडा शोधून बाहेर टाकला. मग दुसरा. मी उभी होते.

"येताना मेथी आण," त्या म्हणाल्या. "कवळी बघून."