कंसातली बाई

"ती आभार मानतेय," दुभाष्या म्हणाला, आणि लगेच साहेबांचा आवाज आला, "तिला सांगा, आम्हीच तिचे आभारी आहोत."

मी पायाखालचं पेडल दाबून टेप मागे घेतली. आधी गाड्यांची दारं लागल्याचे आवाज, एक कोंबडा, मग एका म्हाताऱ्या बाईचं बोलणं. मशीनवरचा आकडा २१४ असताना ती बोलायला लागली होती आणि २६२ वर थांबली होती. मध्ये एकदा तिचा आवाज चढला, एकदा तिनं कुणाला तरी गप्प केलं. एवढ्या सगळ्याचे झाले तीन शब्द.

ऐंशीच्या दशकात मी वॉशिंग्टनमधल्या एका छोट्या संस्थेत टेपवरून टाइप करायचं काम करत होते. निवृत्त राजदूत वगैरे मंडळींना लढाईनं मोडलेल्या मुलखात नेऊन आणायचं आणि परतल्यावर अहवाल छापायचा, हे संस्थेचं काम. साहेब म्हणजे असेच एक निवृत्त राजदूत. ऑफिसात त्यांना 'सर' म्हणणारी मी एकटीच. युद्धबंदी होऊन जेमतेम महिना झालेल्या एका डोंगरी गावात ते एक दिवस जाऊन आले होते. पहिल्याच टेपवर त्यांनी सांगितलं होतं: सहा गाड्यांचा ताफा, शेवटच्या दोन रिकाम्या, वाटेत एखादी बिघडली तर असाव्यात म्हणून. ते मीच टाइप केलं होतं.

आमच्याकडे नियम होता. इंग्रजी सोडून दुसरं काही ऐकू आलं की कंसात 'स्थानिक भाषा' असं लिहायचं आणि पुढे जायचं. मी तसं लिहिलं. पुढे मात्र जाता येईना, कारण असला दुभाष्या मला चांगला माहीत होता.

नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून सोळाव्या वर्षी मी मेरीलँडला आले. बाबा दिवसभर कामावर, त्यामुळे आईला डॉक्टरांकडे मी न्यायचे. आई सांगायची, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, दुपारी उगाच रडू येतं, इथे आल्यापासून अन्न गोड लागत नाही. डॉक्टर माझ्याकडे बघायचे. मला त्या रडण्याची लाज वाटायची. मी म्हणायचे, "तिचं डोकं दुखतं." बाहेर आल्यावर आई विचारायची, "मी एवढं बोलले, आणि तू एवढंसंच सांगितलंस?"

"इंग्रजीत कमी शब्द लागतात," मी म्हणायचे.

पुढे पुढे आईच डॉक्टरांसमोर बसून म्हणायला लागली, "हेडेक."

टेप खोलीबाहेर न्यायची परवानगी नव्हती. मी ती एका लहान प्लेअरमध्ये घातली, स्वेटरखाली धरली आणि तळमजल्यावरच्या कॅफेटेरियात गेले. तिथे कॉफी देणारी बाई त्याच देशातली होती. एरवी ती सगळ्यांची नक्कल करायची. हेडफोन लावल्यावर आधी साहेब ऐकू आले तेव्हा हसली. "तुझा साहेब साबणाच्या जाहिरातीतल्यासारखा बोलतो, हनी."

मग म्हातारी बोलायला लागली, तशी ती काउंटर पुसायची थांबली. दोनदा ऐकलं. हेडफोन काढून माझ्याकडे न बघता सांगितलं, "ती म्हणते, माझ्या सुनेला तीन दिवस कळा येताहेत, मूल अडलंय. रस्ता आज तुमच्यासाठी उघडलाय, तुम्ही गेलात की बंद होईल. तुमच्या मागच्या दोन गाड्या रिकाम्या आहेत, मी बघून आले. तिला दवाखान्यापर्यंत न्या. मला नेऊ नका, तिलाच न्या."

"आणि मध्ये कुणाला गप्प केलं?"

"सुनेच्या आईला. ती म्हणत होती, पाहुण्यांपाशी असं काही मागू नये."

"मग दुभाष्यानं असं का सांगितलं?"

"त्याच्या शेजारी बंदूक घेऊन कोण उभं होतं, ते ऐकू येतं का तुझ्या टेपवर?" तिनं फडकं पुन्हा उचललं. "किती दिवस झाले?"

"एकवीस."

"मग आता लिहून काय करणार तू?"

तरी मी लिहिलं. वेगळ्या कागदावर, आकड्यासकट, आणि आमच्या सुपरवायझर बाईंना नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "आपण टाइप करतो, भाषांतर करत नाही. हे तुला कुणी सांगितलं?"

मी नाव सांगितलं नाही. त्या वाईट नव्हत्या. कागद परत देताना हळूच म्हणाल्या, "त्या बाईवरच तर साहेबांचं इथलं शुक्रवारचं भाषण संपतं गं."

घरी जेवताना हे बोलून गेले. मी ऑफिसचं सहसा काही बोलत नसे, त्यामुळे बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "नोकरी नवीन आहे. ग्रीन कार्ड होऊन जाऊ दे, मग काय ते बोल."

आई आमटी वाढत होती. "मग साहेबाला सांगितलंस का?"

"मी टायपिस्ट आहे, आई."

"टायपिस्टला तोंड नसतं होय?"

मी मान खाली घालून जेवले. तिनं आमटीचं भांडं आत नेलं. ती न बोलण्यात आता तरबेज झाली होती.

गुरुवारी युद्धबंदी मोडली. ऑफिसातल्या रेडिओवर त्या खोऱ्याचं नाव आलं. तोफा चालू होत्या, रस्ता बंद होता आणि गावात कोण उरलंय ते कुणालाच माहीत नव्हतं. शुक्रवारचं भाषण रद्द होईल असं मला वाटलं. पण सँडविचेस सांगून झाली होती.

वीस-पंचवीस माणसं होती. मी कोपऱ्यात रेकॉर्डरजवळ बसले होते, कारण हे भाषणही सोमवारी मलाच टाइप करायचं होतं. साहेब छान बोलले. शेवटी म्हातारी आली. तिचं घर पडलं होतं, मुलगा गेला होता, आणि तरीही, ते म्हणाले, तिच्यापाशी आमच्यासाठी फक्त आभार होते. पुढचं वाक्य त्यांना दोनदा सुरू करावं लागलं. ते नाटक नव्हतं, आणि तेच मला सोसवेना. समोरच्या एका गृहस्थांनी हातातलं सँडविच खाली ठेवलं. कुणीतरी डोळे टिपले.

माझ्या बोलण्यानं आता कुणाचं काही होणार नव्हतं. ती सून, ते मूल, ती म्हातारी, कुणाचंच नाही. गाड्या केव्हाच परत गेल्या होत्या.

"काही प्रश्न?" साहेबांनी विचारलं.

सुपरवायझर बाई माझ्याकडे बघत होत्या. रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता. म्हणजे मी जे बोलेन ते या टेपवर येणार होतं, आणि ते इंग्रजी असणार होतं. त्याला कंस घालता येणार नव्हता. मी उभी राहिले. आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी कानाशी हात नेला, म्हणून मला पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं.

"सर, त्या बाईनं आभार मानले नव्हते. तिची सून अडली होती. तुमच्या मागच्या रिकाम्या गाडीत तिनं सुनेसाठी जागा मागितली होती."