गाडीची खोड

मुंबईच्या ऑफिसातले साहेब लोक उंटावरून शेळ्या हाकायचे, आणि त्या शेळ्यांतली एक मी होतो. सत्तरच्या दशकात मध्येच पेट्रोलचा भाव असा भडकला की मोटारीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेली शहरातली माणसं मुकाट्यानं उठून गेली. तोवर आमच्या कंपनीला गाडी विकावी लागतच नव्हती. गिऱ्हाईक हात जोडून यायचं आणि आम्ही तोंड वर करून 'थांबा' म्हणायचो. आता कारखान्याच्या आवारात तयार गाड्या धूळ खात उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं साहेबांना खेडं आठवलं. तिकडं केळीचा पैसा आहे, कापसाचा आहे, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं. मराठवाड्याकडचा कोण आहे, अशी विचारणा झाली आणि मी हात वर केला.

त्याला कारण होतं. हिंगोलीकडच्या पुसेगावपासून आत, शेतातल्या वस्तीवर माझे वडील एकटे राहत होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडिलांना दम लागायचा, पण मुंबईला चला म्हटलं की म्हणायचे, "तिथं मरायला जागा न्हाई, जगायला कुठून असंल?" साहेबांनी मला शब्द दिला होता, की कळमनुरी तालुक्यात एक गाडी विकून दाखव, मग हिंगोलीत कंपनीचं दुकान उघडू आणि ते तूच सांभाळ. एकच गाडी! हिंगोलीत राहिलो असतो तर संध्याकाळची भाकर वडिलांच्या चुलीपाशी बसून खाता आली असती. देवाशपथ सांगतो, मला त्या मोटारीशी काही देणंघेणं नव्हतं. मला घरी यायचं होतं.

गाडी विकायची कशी, हे साहेबांनी पंख्याखाली बसून शिकवलं. गावातल्या सगळ्यांत मोठ्या घरासमोर उभी करायची. मोठ्यानं घेतली की बाकीचे आपोआप मागं येतात. बोलायचं ते इज्जतीबद्दल, आणि गाडीतला दोष म्हणून ओठांवर येऊ द्यायचा नाही. मी मान डोलावली. आमच्याकडं मोठ्या घरासमोर जे उभं असतं ते बाकीच्यांनी नुसतं बघायचं असतं, घ्यायचं नसतं, हे त्या शहाण्यांना सांगायचं कुणी? सांगितलं असतं तर हात दाखवून अवलक्षण झालं असतं.

मग मी मोठी घरं धुंडाळत फिरलो. प्रत्येक ओट्यावर चहा मिळाला. लेकरांनी हॉर्न वाजवून कान किटवले. मालक लोक गादीवर बसून बघायचे, आरशात मिशी बघायचे आणि म्हणायचे, "झकास हाय. बघू." या 'बघू'पाशी माझं घोडं पेंड खायचं.

शेवटी वैतागून एका बाजारच्या दिवशी गाडी आखाडा बाळापूरला नेली आणि बैलबाजाराच्या कडेला लिंबाखाली लावली. तिथं डोंगरकड्याचे एक केळीवाले बागायतदार बैल बघायला आले होते. उंच, सावळे, खांद्यावर घोंगडी. बैल राहिला बाजूला, ते सरळ गाडीपाशी आले. मी त्यांना मामा म्हटलं. ते गाडीभोवती फिरले, चाकाला लाथ मारून पाहिली आणि म्हणाले, "तोंड उघड हिचं."

मी बॉनेट उघडलं. ते आत वाकले. मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, दोनदाती हाय का चारदाती?" बैलाचं वय दातांवरून ठरवतात; सगळा बाजार हसला. मामा हसले नाहीत. बॉनेटवर पंजा ठेवून त्यांनी मला विचारलं, "खोड सांग."

ज्याला बैलबाजार माहीत नाही त्याला यातलं वजन कळायचं नाही. आमच्याकडं बैल विकताना त्याची खोड आधी सांगायची असते. मारका असेल, पाण्याला भीत असेल, डाव्या बाजूला चालत नसेल, तर ते चारचौघांत सांगायचं. सांगितली आणि घेतला, तर मग तक्रार नाही. लपवली आणि मागाहून निघाली, तर बैल परत आणि विकणाऱ्याच्या तोंडाला काळं. मामा मोटार घेत होते, पण त्यांच्या लेखी ते जनावरच होतं.

मी साहेबांचा धडा म्हणू लागलो. "मामा, कोरी गाडी हाय. हिला कसली खोड?"

"खोड न्हाई असं जनावर देवानं केलं न्हाई. माणसानं केलं म्हनतोस?" मग ते आवाज खाली आणून बोलले. "हे बघ पोरा, मला इज्जतीसाठी नगं गाडी. औंदा सुनंचं बाळंतपण अडलं. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेईपर्यंत लेकरू गेलं. आमचा मळा आत हाय, काळ्या रानात. म्हनून इचारून राहिलो."

काळ्या रानात पावसाळ्यात काय होतं हे मी जन्मापासून पाहत आलो होतो. ही बुटकी गाडी तिथं पहिल्याच चिखलात पोटावर बसली असती. नुसतं 'येते की' म्हटलं असतं, तर हिंगोली माझी होती. वडिलांची खाट डोळ्यांपुढं आली. मग मामांच्या सुनेची बैलगाडी आली. मी म्हणालो, "पावसाळ्यात ही डांबरी सोडून आत यायची न्हाई, मामा. फसंल. तिच्या भरवशावर राहू नका."

मामा वळले आणि झाडाखाली बैलगाडीत बसलेल्या मामींकडं गेले. मी मनात म्हटलं, संपलं, कर आता मुंबईचं तिकीट. पण थोड्या वेळानं मामींना घेऊन ते परत आले. मामी मलाच ऐकवत म्हणाल्या, "मंग डांबरीला एक शेड घालू, गाडी तिथंच ठिवू. मळ्यातून डांबरीपर्यंत बैल हायेतच. खोड ठाव असली की काम घेता येतं बाई." आणि त्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावून टाकलं. मी लाजशरम सोडून मामांच्या पाया पडलो.

साहेब खूश झाले. गाडी कशी खपली ते मी इत्थंभूत सांगितलं. त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की मोठ्या बागायतदारानं घेतली, म्हणजे आमचं बराबर होतं. पुढं काही महिन्यांत शहरातली माणसं महाग पेट्रोलला सरावली आणि पुन्हा नंबर लावून बसली. झालं! गरज सरो, वैद्य मरो. हिंगोलीच्या दुकानाचं नाव कुणी काढेना. मी विचारलं तर म्हणाले, खेड्याचं बघू नंतर, तू परत ये. मी मुंबईला परतलो. मामांनी मला गाडीची खोड विचारली होती. मी मात्र कंपनीची कुणाला विचारली नव्हती.

वडील त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेले. मी पोचेपर्यंत चुलतभावानं अग्नी दिला होता. चूल थंड होती. तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही बसलो होतो, तेवढ्यात बांधावरून मामा-मामी चालत येताना दिसले. दोघं गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले. बाळापूरच्या बाजारात त्यांना कळलं होतं.

मी उठलो. "चालत आलात, मामा?"

"गाडी डांबरीवर ठिवली," ते म्हणाले. "खोड हाय ना तिला."

वडिलांचे दिवस झाल्यावर मी मुंबईला निघालो, तेव्हा मामा पुन्हा आले. माझी पेटी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि चिखल तुडवत आम्ही डांबरीला लागलो. त्यांचा लेक गाडी घेऊन थांबला होता. रस्ता मोकळा होता. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, अजून वडिलांच्याच विचारात, आणि मामांचा लेक म्हणाला, "आली हिंगोली." इतक्यात? मी स्टेशनसमोर गाडीतून उतरलोच नाही. घरापासून एवढं जवळ होतं, मामा, एवढंच होतं, असं म्हणत लहान पोरासारखा रडत बसलो. मामांनी लेकाला इंजन बंद करायला सांगितलं.